जत्रेतील पाळण्यात मुलांना बसवण्यापूर्वी तो सुरक्षित आहे, हे कसे ओळखावे?

पुण्यात नवरात्राच्या सुमारास लागणाऱ्या पाळण्यांत मुलांना बसवावे का, आणि मालकाने तिकीट खिडकीवर लावलेला फिटनेसचा दाखला पुरेसा समजावा का, असे आपण विचारले आहे. मी भोसरीतील एका कारखान्यात वेल्डिंगच्या तपासणीचे काम करतो. पाळणे हा माझा विषय नसला, तरी ते ज्या पाइपांचे, जोडांचे आणि बेअरिंगांचे बनतात त्यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो. दाखला जरूर पाहावा, पण त्यावर विसंबू नये, कारण तो तपासणीच्या दिवसापुरता खरा असतो आणि लोखंड त्यानंतरही झिजतच राहते.

जुलै २०१७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याच्या जत्रेत ‘फायर बॉल’ नावाच्या झुलत्या पाळण्यातील आसनांची एक रांग चालू फेरीत तुटून पडली. एका तरुणाचा मृत्यू झाला आणि सात जण जखमी झाले. त्या पाळण्याची तपासणी त्याच दिवशी झालेली होती. आसनांना आधार देणारी तुळई वर्षानुवर्षे आतून गंजत गेल्यामुळे तिची जाडी धोकादायक म्हणावी इतकी कमी झाली होती, असे तो बनवणाऱ्या कंपनीने नंतर जाहीर केले. असा गंज बाहेरून दिसत नाही. त्यासाठी अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनिलहरींच्या, यंत्राने जाडी मोजावी लागते. आपल्याकडे पावसाळाभर ताडपत्रीखाली पडून राहिलेले पोकळ पाइप चतुःशृंगीच्या यात्रेच्या तोंडावर घाईने जोडले जात असतील, तर त्यांच्या आत काय झाले आहे हे कोणी मोजले, हा प्रश्न विचारायलाच हवा.

जोडावरची भेग शोधण्याची आमची नेहमीची पद्धत म्हणजे डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट. जोडावरील रंग आणि गंज पूर्ण काढून त्यावर लाल द्रव फवारतात, तो मुरण्यासाठी दहा-पंधरा मिनिटे थांबतात, कापडाने स्वच्छ पुसून घेतात आणि वर मुरलेला द्रव ओढून घेणारा पांढरा डेव्हलपर मारतात. भेग असेल, तर त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटू लागते. म्हणजे तपासणीसाठी जो रंग खरवडायचा, त्याच्यावरच दर हंगामात नवा थर चढवलेला दिसला की मला उलट शंका येते.

मोठ्या पार्कांमध्ये सेन्सर असतात हे खरे, पण ते बायपास करणारा माणूसच असतो. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन पार्कात २ जून २०१५ रोजी यंत्रणेने रोलर कोस्टरची गाडी योग्यच थांबवली होती. पुढे रुळावर एक रिकामी गाडी अडकलेली असताना कर्मचाऱ्यांनी थांबण्याची ती सूचना चुकीची समजून बाजूला सारली आणि टक्कर होऊन १६ जण जखमी झाले. कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. त्या मानाने आपल्या शेजारी अहमदाबादच्या कांकरिया येथे जुलै २०१९ मध्ये झुलता पाळणा मोडून कोसळला आणि दोघांचा जीव गेला, ते आपण फार लवकर विसरलो.

सामान्य माणसाने वेल्ड पाहण्यापेक्षा चालवणारा पाहावा. तो प्रत्येक आसनाचा दांडा स्वतः हाताने ओढून पाहतो, की नुसती शिट्टी मारून मोटर चालू करतो? खिळी निसटू नये म्हणून टोके वाकवून लावतात त्या स्प्लिट पिनच्या जागी बांधकामाची तार पिळलेली असेल, तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. सकाळी रिकामी फेरी घेतली का आणि रोजच्या तपासणीची वही कोठे आहे, हे शांतपणे विचारावे. काळजी घेणारा मालक रागावत नाही, वही दाखवतो. टाळाटाळ झाली, तर तिकिटाच्या पैशांची पर्वा न करता मुलांना खाली उतरवावे आणि फोटो जोडून स्थानिक पोलीस ठाण्यात व महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. तक्रारीची पोच मात्र शिक्क्यासह मागून घ्यावी.