तीन महिन्यांचं कुलूप

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

आईबाबा तीन महिने देवगडला जाणार, म्हणून बंद घरासाठी तू केलेली कामांची यादी मिळाली. बेचाळीस कलमं! वाचता वाचता चहा गार झाला. त्यातलं 'नळ गोठू नयेत म्हणून पाइपांना कापड गुंडाळणे' हे कलम तू कुठून उचललंस कोण जाणे. अगं, सांताक्रूझला थंडीचा जो विक्रम सांगतात तोच मुळी ७.४ अंशांचा, आणि तोही १९६२ च्या जानेवारीतला. मुंबईत पाणी गोठत नाही, आटतं. बंद घराचा खरा घोटाळा त्या आटण्यातच आहे, आणि नेमकं ते तुझ्या यादीत कुठेच नाही.

आमची पहिल्या वर्षीची गोष्ट तुला कधी सांगितली नसेल, कारण सांगण्यासारखी नाही. मी रिटायर झाले आणि त्याच मार्गशीर्षात आम्ही दोघं गुहागरला गेलो, ते शिमगा करूनच परतलो. रात्रीचे साडेअकरा. मुलुंडात रिक्षातून बॅगा उतरवल्या, वर आलो, कुलूप काढलं. दार उघडताच गटाराचा असा भपकारा आला की हे म्हणाले, "कोणी मेलंबिलं नाही ना?" मेन स्विच बंद, त्यामुळे मोबाइलच्या उजेडात आत शिरलो. उजेड फिरेल तिथून काहीतरी सरसरत पळत होतं. बाथरूममध्ये झुरळं, बेसिनमध्ये झुरळं, बटणावर हात ठेवायला गेले तर तिथे मिश्या. त्या रात्री आम्ही जिन्यात पेपर अंथरून बसलो होतो आणि तुझ्या आईने साडेबारा वाजता दार उघडून आम्हाला आत घेतलं. तिला विचार, तिला आठवत असेल.

कारण काय, तर मोरीच्या जाळीखाली एक वाटीसारखा भाग असतो. प्लंबर त्याला न्हाणी ट्रॅप म्हणतो. त्यात दोनेक इंच पाणी कायम उभं असतं आणि त्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि गटारातली झुरळं वर येत नाहीत. आपण रोज आंघोळ करतो म्हणून तो आपोआप भरलेला राहतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे कधी लक्ष जात नाही. आंघोळ थांबली, वर डिसेंबर-जानेवारीची कोरडी हवा, की काही आठवड्यांत वाटी कोरडी. मग गटार आणि तुमचं घर यांच्यामध्ये काही उरतच नाही.

तेव्हा निघायच्या दिवशी शेवटची आंघोळ झाली की प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओतायचं. बाथरूम, बाल्कनी, वॉशिंग मशीनखालची जाळी, सगळीकडे. त्यावर दोन-तीन चमचे तेल. तेलाचा पापुद्रा वर तरंगतो आणि पाणी सावकाश आटतं. खोबरेल घालू नकोस, ते पहाटेच्या गारव्यात थिजतं. साधं शेंगदाण्याचं चालेल. जाळीवर जाड प्लास्टिकचा तुकडा, त्यावर उरलेली एखादी टाइल. बेसिन आणि सिंकला बूच. कमोडचं झाकण बंद, आणि खाली एक कापड दाबून. दहा मिनिटांचं काम, पण ते बाबांवर सोपवू नकोस. निघायच्या गडबडीत ते 'करतो गं' म्हणतील आणि छत्री शोधत बसतील.

दुसऱ्या वर्षी मोऱ्या सांभाळल्या, तर पाणी वरून गेलं. फ्लशच्या टाकीतला बॉल अडकला, टाकी भरून वाहायला लागली आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या बेडरूमच्या छताला फुगे आले. आम्ही सगळे नळ घट्ट बंद केले होते, मेन कॉक मात्र चालूच. त्यात किल्ली होती माझ्या भावाकडे, कल्याणला. तो येईपर्यंत धीर धरणं शक्य नव्हतं, शेवटी सेक्रेटरींनी फोनवर आमची परवानगी घेऊन कुलूप तोडलं. छताचा रंग आम्ही भरून दिला. पण ते शेजारी अजून लिफ्टमध्ये भेटले की छताकडेच बघतात असं मला वाटतं.

तर मेन कॉक. आपल्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक फ्लॅटचा एक कॉक गच्चीवर टाकीपाशी आहे आणि दुसरा तुमच्या बाथरूममध्ये, माळ्याखाली. तो माळ्याखालचा तुझ्या बाबांनी गेल्या पंधरा वर्षांत फिरवला असेल तर मी माझं नाव बदलीन. असा गंजलेला कॉक निघायच्या दिवशी पहिल्यांदा कधीच फिरवू नये. एक तर तो फिरत नाही, किंवा फिरवताना मान मोडते आणि मग टॅक्सी खाली उभी आणि घरात कारंजं. या रविवारीच प्लंबरला बोलव, त्याच्यासमोर फिरवून बघ, बदलायचा तर आत्ताच बदल. गॅसचंही तसंच. पाइपचा गॅस असल्यामुळे शेगडीजवळची चावी बंद करायची आणि मीटरजवळचीही. ती दुसरी कुठे आहे हे आईला ठाऊक आहे, बाबांना नाही, एवढं मी छातीठोक सांगते.

किल्लीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळं अडतं ते तिथेच. लोक किल्ली देतात आणि निर्धास्त होतात. पण नुसती किल्ली देऊन भागत नाही, ती वापरायची मुभाही द्यावी लागते. शेजारणीकडे तुमची किल्ली असते, तुमच्या दाराखालून पाणी येताना तिला दिसतं, तरी ती तुम्हाला फोन लावत राहते. गावाकडे रेंज नाही, फोन लागत नाही, आणि परक्याच्या घरात कसं शिरायचं म्हणून ती बाहेर उभी राहते. तिचं काही चुकत नाही. यंदा ह्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आम्ही कुठेच जाणार नाही, तेव्हा किल्ली माझ्याकडे ठेव. पण सोबत बाबांना मला एक मेसेज करायला सांग: 'गरज वाटली तर विचारत न बसता आत जा, कुलूप तोडावं लागलं तरी चालेल.' हाच मेसेज सेक्रेटरींनाही. आणि एक किल्ली तुझ्याकडे पुण्याला. वॉचमनकडे किल्ली ठेवू नये. तो वाईट आहे म्हणून नव्हे, उद्या बिल्डिंगमध्ये कुठे काही झालं की पहिला संशय त्याच्यावर येतो म्हणून.

तू महिन्यातून एकदा येणारच आहेस. आलीस की सगळ्या खिडक्या अर्धा तास उघड, मेन कॉक चालू करून प्रत्येक नळ मिनिटभर सोड, दोनदा फ्लश कर, मोऱ्यांत पाणी ओत, पंखे फिरव, माळ्यावर आणि सिंकखाली हात फिरवून ओल बघ. मग कॉक पुन्हा बंद. मधल्या पंधरवड्यात एकदा मी जाईन. तेवढ्यासाठी माझ्यासाठी काही आणू नकोस. आणायचंच असेल तर बाकरवडी आण.

साठलेल्या पाण्याचंही बघ. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा ट्रे, बाल्कनीतली बादली, सगळं पालथं घालून ठेव. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात. तुम्ही जाताय नव्वद दिवस.

फ्रिज रिकामा, पुसलेला, बंद, आणि दाराच्या फटीत टॉवेलची घडी, म्हणजे दार उघडं राहील. दार लावून गेलात तर रबराला काळी बुरशी धरते आणि तो वास काही केल्या जात नाही. वॉशिंग मशीनचंही झाकण उघडं. पाण्याच्या फिल्टरची टाकी रिकामी. रिमोट आणि घड्याळांतले सेल काढून ठेव.

धान्याबाबत आईशी वाद होईल. तिला पाच किलो तांदूळ कोणाला द्यायचा म्हटलं की पोटात कालवतं. तरी सांग, की पोरकिडे तिची वाट बघत थांबणार नाहीत. रवा, बेसन, कणीक मावशींना देऊन टाका. डाळी एरंडेल चोळून घट्ट डब्यात राहतील. लाल तिखटात हिंगाचा खडा घालून बरणी माझ्या फ्रिजमध्ये.

आता कबुतरं. हा विषय मुंबईत किती पेटू शकतो ते २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना महापालिकेने ताडपत्रीने झाकला तेव्हा आपण पाहिलंच, कोर्टापर्यंत गेला. मी त्या वादात पडत नाही. मला एवढंच कळतं, की तीन महिने माणसाची चाहूल नसलेली बाल्कनी म्हणजे कबुतराला प्रसूतिगृह. अंडं साधारण १८ दिवसांत फुटतं आणि पिल्लू उडायला आणखी महिनाभर. म्हणजे तुझ्या आईबाबांच्या सुट्टीत दोन बाळंतपणं आरामात उरकतील. एकदा घरटं झालं, आत पिल्लं दिसली, की आई ते हलवू देणार नाही आणि मलाही हलवणं जमणार नाही. म्हणून आत्ताच जाळी तपास. कोपऱ्यातला हूक सुटलाय, मला खालून दिसतो. एसीच्या बाहेरच्या डब्यामागची फट बंद करून घे, तिथून उंदीरही येतात. आधीची वाळलेली विष्ठा असेल ती कोरडी खरवडू नकोस. पाणी मारून, भिजवून, तोंडाला मास्क लावून काढ. ती धूळ फुप्फुसाला वाईट.

कागदपत्रांत महत्त्वाचा एकच, हयातीचा दाखला. माझं पेन्शन महापालिकेचं, त्यामुळे माझा नोव्हेंबर ठरलेला. तुझ्या बाबांचं पीएफचं आहे, त्यांना वर्षात कधीही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. पण ते बारा महिने जर फेब्रुवारीत संपत असतील, तर देवगडला बसून त्यांची झोप उडेल. हल्ली फोनवर चेहरा दाखवूनही होतो, तरी तो प्रयोग गावच्या नेटवर्कवर नको, इथे बसूनच करून टाका. लाईट बिल, मेंटेनन्स, फोनचं रिचार्ज तू लावून देशीलच. ज्या नंबरवर बँकेचा ओटीपी येतो ते सिम चालू राहील एवढं बघ. परतीचं तिकीट हल्ली साठच दिवस आधी निघतं आणि शिमग्यानंतरच्या गाड्यांना उभं राहायला जागा नसते, तेव्हा ती तारीख तू स्वतःच्या कॅलेंडरमध्ये टाक.

पेपर आणि दूध बंद करायला सांगतेस ते बरोबर, फक्त आदल्या दिवशी नको, चार दिवस आधी. दाराशी साठलेल्या पेपरांइतकी बोलकी पाटी दुसरी नाही. दागिने लॉकरमध्ये. आणि निघालो, पोचलो, समुद्र बघा, असे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचे तर टाका, सोसायटीच्या नको.

कॅमेऱ्याचं तू विचारलंस. लावायचा तर लाव, पण मला पसंत नाही. आमच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, त्यांच्या मुलाने हॉलमध्ये कॅमेरा बसवून दिला. ते तिकडे आंब्याच्या मोहोराखाली खुर्ची टाकून दिवसभर मुलुंडचा स्वतःचा रिकामा सोफा बघत बसायचे. एकदा पडदा हलला तर रात्री दोनला मुलाला उठवलं. खिडकीची फट राहिली होती, बस.

देवांचं काय, हे आई तुला विचारणार नाही, पण तिच्या मनात तेच आहे. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा डब्यात मूठभर तांदळावर ठेवून सोबत न्यावेत, तसबिरी इथेच पुसून ठेवाव्यात. निघताना समई लावून जाण्याचा हट्ट करेल. लावू दे, पण ती शांत झाल्यावरच टॅक्सी बोलाव. बंद घरात पेटती वात मी कोणालाच ठेवू देणार नाही.

आणि तुळस. काल संध्याकाळी आई जिन्यात भेटली. म्हणाली, "तुळस सुकेल हो, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी जाऊ." गुडघा, तुळस, मावशी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, तिच्याकडे न जाण्याची चौदा कारणं तयार आहेत. चाळीस वर्षं घराबाहेर चार दिवसांवर राहिली नाही ती बाई, तिला भीती घराची नाही, रिकाम्या दिवसांची वाटतेय. मलाही वाटली होती. तिच्याशी यावर वाद घालू नकोस. तू एकेक कारण नुसतं उचलून घेऊन जा.

पहिलं मी घेते. मंजिऱ्या खुडून तुळशीची कुंडी शनिवारी वर आणून ठेव, तिखटाच्या बरणीसोबत. रविवारी प्लंबर येईल तेव्हा मलाही हाक मार, आमचाही कॉक त्याला दाखवायचाय.

तुझी,
चौथ्या मजल्यावरची काकू