वाचक विचारतात : कोचीत जहाज आठ तास थांबणार, फिरायचं कसं?

प्रश्न : डिसेंबरात मुंबईहून क्रूझने जाणार आहोत. कोचीला जहाज शनिवारी सकाळी ८ ला लागतं आणि दुपारी ४ ला सुटतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. जहाजाकडून मिळणारी शहर दाखवायची सहल महाग वाटते. स्वतः फिरलं तर जमेल का? येताना मसाले घ्यायचे आहेत.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जमेल, पण लांबचं आधी आणि जवळचं नंतर असा क्रम ठेवा. जहाज विलिंग्डन बेटावर लागतं. तिथून मट्टनचेरी जवळ, फोर्ट कोची त्यापलीकडे. दिवसभराची टॅक्सी किंवा रिक्षा ठरवून आधी थेट फोर्ट कोची गाठा. थांबण्याचे पैसे भाड्यात धरलेत का, तेही आधीच विचारा. आठला जहाज लागलं तरी उतरता-उतरता नऊ वाजतात. जहाजाचं कार्ड आणि मूळ आधार प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवा. बंदराच्या फाटकावर दोन्ही लागतात.

फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरची मासे पकडायची चिनी जाळी सकाळीच पाहा. लांब वाशावरून माणूस पाण्याच्या दिशेने चालत गेला की जाळं खाली जातं, आणि दोरांना टांगलेल्या दगडांच्या वजनामुळे चार-सहा जणांना ते वर ओढता येतं. ‘या, ओढून बघा’ असं बोलावतात, त्याचे नंतर पैसे मागतात. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च आहे. वास्को द गामाला १५२४ मध्ये इथेच पुरलं होतं; अवशेष पुढे पोर्तुगालला नेले, आता फक्त खूण आहे. छताचे, दोरीने ओढायचे पंखे मात्र चुकवू नका. सासूबाईंना एवढं सहज झेपेल.

अकराच्या सुमारास मट्टनचेरीला निघा. शनिवारी ज्यूंचं १५६८ चं प्रार्थनास्थळ बंद असतं, ते विसरा. मट्टनचेरीच्या राजवाड्याची सुट्टी शुक्रवारी, म्हणजे तो तुम्हाला मिळेल. पोर्तुगीजांनी १५५५ च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी डागडुजी केली म्हणून नाव ‘डच पॅलेस’! रामायणाची भित्तिचित्रं वरच्या मजल्यावर आहेत, तेव्हा जिन्याचा विचार आधी करा. नाहीतर सासूबाईंना खाली सावलीत बसवा.

मसाले राजवाड्याजवळच्या ज्यू टाऊनमध्ये मिळतात. दोन-तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेऊ नका. मिरी अख्खीच घ्या, पूड नको. दाणा बोटांत दाबून पाहा : पोकळ असेल तर चुरतो, चांगला चुरत नाही. वेलची हिरवी आणि बंद तोंडाची हवी. उघडलेल्या बोंडाचा वास लवकर उडतो. सगळं सीलबंद पाकिटात घ्या. शिजवलेलं खाणं जहाजावर बहुधा नेऊ देत नाहीत, म्हणून मासे खायचे तर तिथेच खा.

परत चढायची वेळ सुटण्याच्या वेळेआधी असते. ती आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या कागदावर छापलेली असते. तुम्ही अडीचला फाटकावर असा. बेटाकडे येणाऱ्या पुलावर वाहनं तुंबतात, आणि जहाजाच्या सहलीतली बस अडकली तर जहाज थांबतं, तुमच्या रिक्षेसाठी थांबत नाही. महाग सहलीत तुम्ही खरं तर तेवढंच विकत घेता. त्याच कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.