आजाऱ्यांचे तेल, आशीर्वादित पाणी आणि देणगीची बाटली

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक आहोत. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे आणि त्यांच्या पायाची जखम बरेच दिवस भरलेली नाही. त्या रुग्णालयात असताना आमच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) फादर येऊन त्यांना तेल लावून गेले. पुढे एका नातेवाइकांनी कुठल्याशा प्रार्थनासभेतून ‘अभिषेकाचे तेल’ म्हणून एक बाटली आणून दिली. तिच्यासाठी ठरावीक देणगी मोजावी लागली. हे तेल रोज जखमेवर लावावे, थोडे पोटात घ्यावे आणि विश्वास खरा असेल तर इन्सुलिन बंद करावे, असे तिथे सांगण्यात आले. फादरांच्या तेलात आणि या तेलात फरक काय? शिवाय, फादरांनी तेल लावले म्हणजे आता आपले दिवस भरले, असे सासूबाईंच्या मनाने घेतले आहे, त्यामुळे फादरांना पुन्हा बोलावू द्यायला त्या तयार नाहीत. हे तेल दुसऱ्यांदा लावता येते का?
— एक वाचक, वसई

उत्तर : सर्वांत आधी इन्सुलिनविषयी. ते एक दिवसही बंद करू नका, आणि जखमेवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेही तेल लावू नका, मग ते कोणी का आशीर्वादित केलेले असेना. मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची जखम चिघळली तर पाय गमावण्याची वेळ येते. औषध सोडणे हा विश्वासाचा पुरावा आहे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्च या संस्थेने, कधीही शिकवलेले नाही.

आता तेलाविषयी. आपल्या फादरांनी जे तेल वापरले त्याला ‘आजाऱ्यांचे तेल’ म्हणतात. दरवर्षी पवित्र सप्ताहात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात, बहुधा पवित्र गुरुवारी सकाळी किंवा सोयीनुसार त्याच्या आधीच्या एखाद्या दिवशी, धर्मप्रांतातील सर्व धर्मगुरू बिशपांबरोबर एकत्र मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण करतात आणि त्या मिस्सामध्ये तीन तेलांवर प्रार्थना होते. एक आजाऱ्यांसाठी, दुसरे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांसाठी, आणि तिसरे ख्रिस्मा, म्हणजे सुगंधी राळ मिसळलेले तेल, जे बाप्तिस्म्यानंतर, दृढीकरणात (बाप्तिस्म्याची श्रद्धा दृढ करणाऱ्या संस्कारात), धर्मगुरूंच्या दीक्षाविधीत आणि नव्या वेदीच्या अभिषेकात वापरले जाते. ख्रिस्मा अर्पिताना बिशप त्या पात्रावर फुंकर घालतात. पवित्र आत्म्याचे ते चिन्ह आहे. नंतर ही तेले प्रत्येक धर्मग्रामात नेली जातात. फादर आजाऱ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या खिशात अंगठ्याएवढी धातूची डबी असते आणि तिच्यात तेलात भिजवलेला कापूस असतो, कारण सांडणारी बाटली घेऊन दारोदार फिरता येत नाही. त्या कापसावर अंगठा टेकवून ते आधी कपाळावर आणि मग दोन्ही तळहातांवर क्रूसाची खूण करतात. तेल इतके थोडे असते की काही मिनिटांत ते त्वचेत मुरून जाते. त्वचेवर औषध म्हणून त्याचा उपयोग व्हावा अशी अपेक्षाच त्यामागे नसते.

या विधीचा आधार बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. तुमच्यापैकी कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना (वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना) बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे तिथे सांगितले आहे. या वचनाचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आजारी माणूस तेल आणायला कुठे जात नाही. मंडळीच त्याच्या खाटेपाशी येते. रोगी बरा होण्याचे श्रेयही याकोब विश्वासाच्या प्रार्थनेला देतो, तेलाला देत नाही. आपल्या नातेवाइकांनी आणलेल्या बाटलीत नेमके याच्या उलट घडले आहे. माणसे, प्रार्थना आणि भेट मागे राहिली आणि बाटली तेवढी घरी आली.

देणगीचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात शोमरोनातील शिमोन नावाचा जादूगार प्रेषितांपुढे पैसे ठेवतो आणि हात ठेवून पवित्र आत्मा देण्याचा अधिकार मलाही द्या, अशी मागणी करतो. देवाचे दान पैशाने मिळते असे तुला वाटले, म्हणून तुझ्या पैशाबरोबर तुझाही नाश होवो, असे प्रेषित पेत्र त्याला सुनावतो. पवित्र गोष्टींची खरेदी-विक्री ख्रिस्तसभेने तेव्हापासून गंभीर पाप मानली आहे. कोणी स्वखुशीने धर्मग्रामाला दान दिले तर ती वेगळी गोष्ट. परंतु किंमत ठरवून, रोग बरा होण्याची हमी देऊन तेल विकणे याला अन्य नाव देता येणार नाही. जादूसारख्या उपायांनी रोग बरे करण्याच्या जाहिरातींना आपल्या देशात 1954 च्या कायद्याने मनाई आहे, हेही आपल्या नातेवाइकांच्या कानावर घालावे. ते वाईट हेतूने वागले असे मी म्हणत नाही. घरातले माणूस महिनोन्महिने बरे होत नसेल तर कोणीही आशेने हात पुढे करतो, आणि त्या आशेचा बाजार मांडणाऱ्यांवर दोष जातो.

सासूबाईंची भीती मात्र निराधार आहे असे म्हणून सोडून देता येणार नाही, कारण ती एका जुन्या प्रथेतून आली आहे. अनेक शतके हा विधी मरणपंथाला लागलेल्या माणसासाठी राखून ठेवला गेला आणि त्याचे नावही ‘अखेरचा अभ्यंग’ असेच रूढ झाले. तेव्हा डोळे, कान, नाक, ओठ, हात अशा एकेका इंद्रियाला तेल लावून त्या इंद्रियाने घडलेल्या पापांची क्षमा मागितली जात असे. साहजिकच फादर डबी घेऊन अंगणात आले की घरात रडारड सुरू व्हायची, आणि आमच्या आजीच्या पिढीने ते डोळ्यांनी पाहिलेले आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये स्पष्ट केले की, या विधीला ‘आजाऱ्यांचा अभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य आहे आणि तो केवळ शेवटच्या क्षणी असलेल्यांसाठी नाही. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे एखाद्याचा जीव धोक्यात येऊ लागला की त्यासाठी योग्य वेळ आलेलीच असते. पुढे 1972 मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधीची आजची मांडणी घालून दिली आणि प्रार्थनेतले शब्दही बदलले. आता फादर कपाळावर आणि हातांवर तेल लावतात तेव्हा प्रभूने या आजाऱ्याला पवित्र आत्म्याच्या कृपेने साहाय्य करावे, पापातून मुक्त करावे आणि उभारी द्यावी, अशी प्रार्थना करतात. सासूबाईंना हे शब्द एकदा सावकाश वाचून दाखवा. त्यात निरोपाचा एकही शब्द नाही.

तेल पुन्हा लावता येते. रुग्ण बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी बिघडली, तर अभ्यंग पुन्हा देता येतो, असे ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मसंहितेत (नियमसंग्रहात) स्पष्ट म्हटले आहे. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो. मात्र तो फक्त बिशप किंवा धर्मगुरू देऊ शकतात. प्रार्थनागटाचे प्रमुख कितीही भाविक असले तरी त्यांना तो अधिकार नाही. फादर आले की घरातल्या सगळ्यांनी खाटेभोवती उभे राहून प्रार्थनेत भाग घ्यावा. माझा अनुभव असा आहे की, नातवंडांच्या आवाजात ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ऐकले की रुग्णाच्या मनावरचे दडपण पुष्कळ हलके होते.

प्रश्न : अभ्यंगासाठी जैतुनाचेच तेल लागते का? कोकणात तर खोबरेलच मिळते.
— एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : परंपरेने जैतुनाचे तेल वापरतात, कारण बायबल ज्या भूमीत घडले तिथे तेच घरोघर होते. दिव्यात, स्वयंपाकात, जखमेवर तेच वापरले जाई. येशूच्या दाखल्यातील चांगल्या शोमरोन्याने वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाच्या जखमांवर ओतले ते तेल आणि द्राक्षारसच. तथापि जैतून न पिकणाऱ्या देशांची अडचण लक्षात घेऊन 1972 पासून कोणतेही वनस्पतीचे तेल चालते, त्यामुळे खोबरेल नक्कीच चालेल. इतकेच काय, निकडीच्या वेळी फादरांजवळ बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल नसेल, तर घरातल्या खोबरेलावर त्याच विधीत प्रार्थना करून ते अभ्यंग देऊ शकतात.

काही जण बायबलमधील ‘निर्गम’ या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायातील गंधरस, दालचिनी, बच आणि तज यांच्या मिश्रणाचे प्रमाण पाहून तसे तेल घरी करू पाहतात. त्याच अध्यायात ते मिश्रण इतर कोणासाठी करू नये, अशी सक्त ताकीद आहे. ते निवासमंडपासाठी, म्हणजे इस्राएलाच्या तंबूतील पूजास्थानासाठी, आणि अहरोनाच्या घराण्यातील याजकांसाठी होते. घरगुती प्रयोगांसाठी तो अध्याय लिहिलेला नाही.

प्रश्न : मी हिंदू आहे. माझ्या ख्रिस्ती शेजारणीने चर्चमधून आणलेल्या पाण्याची छोटी बाटली मला माझ्या मुलाच्या परीक्षेच्या वेळी दिली. ते घरात ठेवले तर चालेल का? प्यायचे असते का? जुने झाले तर काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : शेजारणीने मनापासून दिले आहे, आपणही मनापासून ठेवा. आशीर्वाद कॅथलिकेतरांनाही देता येतो, असे ख्रिस्तसभेचा नियमच सांगतो. अभ्यंग हा मात्र संस्कार असल्यामुळे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. तरीही आपल्या घरी कोणी आजारी असेल आणि आपण विनंती केली तर फादर येऊन डोक्यावर हात ठेवून आनंदाने प्रार्थना करतील.

हे पाणी बाप्तिस्म्याची आठवण म्हणून आहे. पास्काच्या (ईस्टरच्या) रात्री पेटलेली मोठी मेणबत्ती पाण्यात बुडवून त्यावर प्रार्थना होते, आणि एरवी चर्चच्या दाराशी असलेल्या कुंडीत बोटे बुडवून लोक क्रूसाची खूण करतात. पाण्यात कधी मीठ घालतात; अलीशा संदेष्ट्याने यरीहोचे वाईट पाणी मीठ टाकून चांगले केल्याची ती आठवण असते.

कुंडीतले पाणी मात्र पिऊ नका. ते उघडे असते आणि त्यात अनेकांची बोटे बुडतात. व्हिएन्नातील संशोधकांनी तिथल्या चर्चमधील अशा पाण्याची तपासणी केली तेव्हा त्यात विष्ठेतले जिवाणूही सापडले होते, आणि 2020 मध्ये करोनाची साथ आली तेव्हा ठिकठिकाणच्या चर्चनी या कुंड्या रिकाम्या केल्या. मुलाच्या कपाळाला एक थेंब लावला तरी पुरे. अभ्यास त्याचा त्यालाच करावा लागेल, हे त्याला आपण सांगितले असेलच.

पाणी जुने झाले तर ते मोरीत ओतू नये. तुळशीखेरीज दुसऱ्या एखाद्या झाडाच्या बुंध्याशी, जिथे कोणाचा पाय पडत नाही अशा मातीत ते ओतावे. तुळशीला आपली स्वतःची पूजा आहे, तिच्याशी त्याची सरमिसळ नको, आणि मीठ घातलेले असेल तर रोपालाही ते मानवणार नाही. ख्रिस्ती घरांतील उरलेले आशीर्वादित तेल चर्चमध्ये परत द्यावे; जुने तेल तिथे जाळून टाकतात.