कर्मचाऱ्याने परत केलेला विंडोज लॅपटॉप दुसऱ्याला देताना इंट्यूनमध्ये (कंपनीची मशीन्स दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) 'रिटायर' करायचं की 'वाइप'?

'वाइप' करा. 'रिटायर'ने फक्त कंपनीची अ‍ॅप्स, पॉलिसी आणि डेटा निघतो. विंडोज आणि जुन्या माणसाच्या वैयक्तिक फायली जागच्या जागी राहतात. ते त्याच्या स्वतःच्या मशीनसाठी ठीक. वाइपने मशीन कोरं होतं. ऑटोपायलटमध्ये (नवं मशीन आपोआप कंपनीसाठी सेट करणारी मायक्रोसॉफ्टची सोय) नोंद असेल तर इंटरनेटला जोडताच कंपनीचं लॉगिन पान येतं, नव्या माणसाने स्वतःच्या खात्याने साइन-इन केलं की एनरोलमेंट (इंट्यूनमध्ये मशीनची नोंदणी) आपोआप होते.

लोक घाई करतात ती इथे: वाइप 'पेंडिंग' असतानाच रेकॉर्ड उडवतात. मशीन चार्जरला लावून ऑनलाइन ठेवा, पुसलं गेल्याचं स्क्रीनवर बघा, मगच पुढे. एन्ट्रामधली (मायक्रोसॉफ्टची खाती आणि डिव्हाइसची यादी) डिव्हाइस नोंद डिलीट केली तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) रिकव्हरी की पण जाते. डिस्कवरचं काही लागणार असेल तर आधी की उतरवून घ्या.

मशीन विकायचं किंवा भंगारात द्यायचं असेल तर मात्र वाइप पुरत नाही. क्रमाने:
१. वाइप
२. इंट्यूनमधली नोंद डिलीट
३. ऑटोपायलटमधली सिरियल नंबरची नोंद डिलीट

तिसरी पायरी राहिली, तर विकत घेणाऱ्याला सेटअप करताना तुमच्याच कंपनीचं लॉगिन दिसतं.