चाबूक धरलेला हात

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी टांग्याच्या घोड्याची गोष्ट काल रात्री दोनदा वाचली. घोडा अगदी जिवंत उतरलाय. टांगेवाला मात्र नुसता दुष्ट आहे, आणि गोष्ट तिथेच अडते.

‘ब्लॅक ब्यूटी’, त्या नावाच्या घोड्याने स्वतः सांगितलेली कादंबरी, पुन्हा काढ. संक्षिप्त नको, पूर्ण वाच. तिची लेखिका ॲना स्यूएल हिचे घोटे 14 व्या वर्षी दुखावले आणि तेव्हापासून तिचं येणंजाणं घोडागाडीवर आलं. हे पुस्तक तिने आजारपणात लिहिलं, तेही मुलांसाठी नव्हे, घोडे राखणाऱ्यांसाठी. 1877 मध्ये ते निघालं, पुढच्या वर्षी ती गेली.

त्यातला डोकं वर ताणून धरणारा लगाम आठवतो? चढावर ओढायचं तर घोड्याला मान खाली घालून अंगाचा सगळा भार पुढे टाकावा लागतो. हा लगाम नेमकं तेच करू देत नाही. मान ताठ, श्वास कोंडलेला, तोंडाला फेस. कशासाठी, तर बाईसाहेबांची गाडी रुबाबदार दिसावी म्हणून! हुकूम देणाऱ्या त्या हातात चाबूक नव्हता.

आणि लंडनचा गाडीवाला सॅम. मालकाला रोजचे 18 शिलिंग मोजल्याशिवाय त्याच्या हाती दमडी लागत नाही. दिवसाचे 14-16 तास गाडीवर, दहा-बारा आठवड्यांत एक रविवार नाही. दमलेल्या घोड्याला तो मारतो, आणि बायकापोरांचं आधी बघावं लागतं हेही सांगतो. मरतानासुद्धा तो रविवारच्या सुट्टीबद्दलच बरळतो. पुढे ब्लॅक ब्यूटी त्याच मालकाच्या तबेल्यात येतो. मालक माणसांना पिळतो आणि माणसं घोड्यांना, हे तिथे त्याला कळतं. घोड्याच्या तोंडून हे वदवणं मला फार मोठं वाटतं.

मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवताना 2015 मध्ये उच्च न्यायालयाने गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाचीही योजना करायला सांगितलं होतं. गाडीवाल्याच्या पोटाचा तो प्रश्न तुझ्या गोष्टीत यायला हवा.

म्हणून आधी एक संध्याकाळ टांग्याच्या अड्ड्यावर जाऊन बस. घोडा कुणाचा, मालकाला रोज किती द्यावे लागतात, चाऱ्याला किती जातात, हे विचार. मग टांगेवाल्याला तुझ्या गोष्टीत बोलू दे.

पाठीवरच्या जखमेचं वर्णन मात्र आहे तसंच ठेव. मुलं घाबरतील म्हणून मऊ करू नकोस. मेलेल्या घोडीचं डोकं गाडीबाहेर लोंबतंय, हे स्यूएलनेही लिहिलं, आणि मुलं ते आजवर वाचत आली आहेत.

तुझी,
बाई