वारकऱ्याचं लाल टकलाचं पिल्लू

प्रश्न : मी नाशिकची, सध्या लेकीकडे लंडनला आलेय. लेक-जावई ऑफिसला गेले की मी रीजंट्स पार्कच्या तळ्यावर जाऊन बसते. काल तिथे काळा, पांढऱ्या कपाळाचा पक्षी दिसला, अगदी आपल्या नांदूर मधमेश्वरच्या अभयारण्यातल्या वारकरी पक्ष्यासारखा! पिल्लं मात्र लालभडक टकलाची. त्यांची आई एका पिल्लाचं डोकं चोचीत धरून असं गदागदा हलवत होती की मला बघवेना, शेवटी हातातली पोळीच टाकली तिकडे. ते पिल्लू दुसऱ्या कुणाचं होतं का?

उत्तर : ताई, 'सारखा' कशाला, वारकरीच तो, जात तीच. नांदूरला आपण त्याला लांबून दुर्बिणीने बघतो आणि तिथे तो माणसांच्या नाकासमोर काटक्या, पानं, कधी प्लॅस्टिकचे तुकडेसुद्धा गोळा करून घरटं बांधतो. कपाळावरच्या पांढऱ्या गंधावरून नाव पडलं वारकरी, पण स्वभाव विचाराल तर एक नंबरचा भांडकुदळ, लाथाबुक्क्यांवर यायला वेळ लागत नाही.

पिल्लू त्यांचंच हो. आणि मारणारी आईच होती असंही नाही, बाप पण असेल, नर-मादी दिसायला सारखेच आणि दोघंही पिल्लं सांभाळतात. एका वेळी सहा ते दहा अंडी, मग एवढ्या सगळ्यांना पाण्यातले किडे नि कोवळं शेवाळ पुरवायचं म्हणजे नाकी नऊ येतात, आणि जे पिल्लू सारखं मागे लागून चीं चीं करतं त्याला असा प्रसाद मिळतो. मार खाऊन काही पिल्लं लवकर स्वतःचं स्वतः टिपायला शिकतात, काही मागायचंच सोडतात आणि उपाशी मरतात. बघायला वाईट वाटतं, मलाही वाटतं, पण मध्ये पडू नका.

पोळी मात्र तुम्हीच खा बरं का. पार्कवालेही पक्ष्यांना काही घालू नका असंच सांगतात, उरलेलं पाण्यात कुजतं आणि उंदरांची चंगळ होते.

आता उद्या गेलात की आधी पिल्लं मोजा आणि मग बेटावरच्या झाडांकडे मान वर करून बघा, तिथे राखी बगळ्यांची मोठाली घरटी आहेत (हा बगळाही आपल्याकडचाच). संधी मिळाली की तो वारकऱ्याचं पिल्लू अख्खं गिळतो, त्यामुळे परवा आकडा कमी आला तर लगेच आईवर आळ घेऊ नका.