नायलॉनचा दोर पंचवीस वर्षे टिकेल का?

प्रश्न : तरंगत्या पवनचक्क्या समुद्रात नायलॉनच्या दोरांनी नांगरतात, असे वाचले. आमच्या बोटीच्या नांगराचा नायलॉनचा दोर दोन-तीन मोसमांत निकामी होतो. मग तिथे 25 वर्षांची हमी कशाच्या बळावर देतात?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : हमी म्हणण्यापेक्षा ते आराखड्यात धरलेले आयुष्य आहे. आपला दोर ऊन, धक्क्यावरची घासाघीस, आत शिरणारी वाळू आणि गाठी यांमुळे जातो; नुसत्या गाठीनेच दोराची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. पवनचक्कीच्या दोराला गाठ नसते, टोकाचे पेड दोरातच परत गुंफून डोळा केलेला असतो. तो पाण्याखाली राहतो, तळाशी घासणाऱ्या भागात साखळी असते आणि वाळू अडवणारे वेष्टण त्याच्यावर चढवलेले असते.

उरतो तो थकवा. दर आठ सेकंदांना एक लाट धरली, तर 25 वर्षांत सुमारे 10 कोटी हिसके बसतात, आणि प्रत्येक हिसक्याला आतले तंतू एकमेकांवर घासतात. आपला टाकून दिलेला दोर कापून पेड उलगडून पाहिलेत, तर बाहेरून धड दिसणाऱ्या दोराच्याही गाभ्यात तुटक्या तंतूंची पिठासारखी भुकटी सापडेल. ओल्या नायलॉनमध्ये ही झीज अधिक होते. त्या मानाने पॉलिएस्टर सोशीक. ब्राझीलच्या खोल समुद्रातील तेलफलाट (तेल काढणारे तरंगते मंच) 1990च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याच्या दोरांवर उभे आहेत. परंतु उथळ पाण्यात दोर आखूड असतो आणि लाटेचा झटका पचवायला त्याला भरपूर ताणले जावे लागते, तो गुण नायलॉनमध्ये आहे. म्हणूनच फ्रान्सच्या ल क्रोइसिक गावासमोर, जेमतेम 33 मीटर पाण्यात, 2018 साली उभारलेली 2 मेगावॉटची 'फ्लोटजेन' ही तरंगती पवनचक्की नायलॉनवर नांगरली गेली.

खरी अडचण चाचणीची आहे. 10 कोटी हिसके समुद्राच्याच गतीने द्यायचे, तर चाचणीलाही 25 वर्षे लागतील. गती वाढवावी, तर जाड दोर आतून तापतो आणि समुद्रात एरवी न होणारी हानी होते. म्हणून बारीक दोर पाण्यात बुडवून, जास्त भाराखाली, कमी हिसक्यांत तोडतात आणि त्यावरून हलक्या भाराखालचे आयुष्य काढतात. हा अंदाज फार संवेदनशील असतो : भाराचा चढउतार दुप्पट झाला, तर साखळीचे आयुष्य साधारण आठपटीने घटते, दोराचे मात्र शेकडो पटींनी. म्हणून दोर मुद्दाम गरजेपेक्षा बराच जाड घेतात, म्हणजे रोजचा भार त्याच्या ताकदीच्या लहानशा अंशात राहतो.

तरीही माझा भरवसा गणितापेक्षा मेक्सिकोच्या आखातातील तेलफलाटांवरच्या रीतीवर अधिक आहे. तिथे पॉलिएस्टरच्या दोरात वरच्या टोकाशी एक आखूड तुकडा जोडून ठेवत आणि काही वर्षांनी तो काढून प्रयोगशाळेत तोडून पाहत.